पछाडलेला नायक आणि वस्तीतली मुलगी
('डर' या चित्रपटाच्या निमित्ताने)

दलित साहित्याच्या चळवळीने कथा, कविता, आत्मकथन यांची कठोर तपासणी केली. पुराणातले देव कोणी ठरवले आणि राक्षस कोणी ठरवले, हा प्रश्न महात्मा फुल्यांपासून आपण विचारीत आलो. परंतु आपल्या वस्तीतला माणूस पुस्तकापेक्षा कितीतरी अधिक वेळ ज्याच्यापुढे बसतो त्या चित्रपटाला मात्र आपण 'करमणूक' म्हणून सोडून दिले. सामाजिक म्हणवणाऱ्या चित्रपटांवर थोडेफार लिहिले तरी जाते. भीतीचा, थराराचा चित्रपट टीकेच्या कक्षेत येतच नाही. तो मनाचा खेळ समजला जातो आणि मनाला जात नसते असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत तपासण्यासाठी मी एक सर्वांना ठाऊक असलेला चित्रपट घेतो आहे.

यश चोप्रा दिग्दर्शित 'डर' २४ डिसेंबर १९९३ रोजी प्रदर्शित झाला. 'अ व्हायोलंट लव्ह स्टोरी', म्हणजे हिंसक प्रेमकथा, असे त्याच्या नावाखाली लिहिलेले होते. कथा थोडक्यात अशी: राहुल मेहरा हा नौदलातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मुलगा. कॉलेजातल्या किरणच्या प्रेमाने तो पछाडलेला आहे. किरणचे प्रेम सुनील या नौदलातल्या तरुण अधिकाऱ्यावर आहे. राहुल तिला फोन करतो, तिच्या मागे फिरतो, खोलीच्या भिंती तिच्या छायाचित्रांनी भरतो, स्वतःच्या छातीवर चाकूने तिचे नाव कोरतो. मेलेल्या आईशी तो फोनवर बोलतो. किरण आणि सुनील लग्न करून स्वित्झर्लंडला जातात तर तिथेही तो पोचतो. अखेर सुनील त्याला ठार मारतो.

हा चित्रपट जुना झाला, आज त्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण तो संपलेला नाही. चित्रपटगृहातून तो केबलवर आला आणि केबलवरून मोबाईलवर. वडिलांनी शिट्ट्या वाजवीत पाहिलेला चित्रपट आज मुलगा तळहातावर पाहतो आहे. त्यातले अडखळत उच्चारलेले 'क-क-क-किरण' ज्याने चित्रपट पाहिला नाही त्यालाही पाठ आहे.

भाषेनेच दिलेली सुटका

आधी शब्दांकडे पाहू. 'पछाडणे', 'झपाटणे' हे आपले शब्द भुताखेतांच्या जगातले आहेत. माणूस स्वतः पछाडत नाही, त्याला काहीतरी पछाडते. करणारा दुसराच कोणी, हा बिचारा भोगणारा! प्रेमाच्या बाबतीत तर भाषा आणखी एक पाऊल पुढे जाते. 'तिने त्याला वेड लावले', 'तिने भुरळ घातली', 'तिने नादी लावले'. जिने काहीच केलेले नाही, ती वाक्यात कर्ता होऊन बसते. ज्याने सर्व काही केले तो कर्म होतो. न्यायालयात खटला उभा राहण्याच्या फार आधी व्याकरणाने निकाल दिलेला असतो. वस्तीतल्या कोणत्याही भांडणात 'पोरगीच तशी असेल' हे वाक्य ऐकू येते, त्याची मुळे इथे आहेत.

धम्माने याच अवस्थेला वेगळे नाव दिले. तृष्णा आणि तिच्यातून येणारे उपादान, म्हणजे घट्ट धरून बसणे. इथे भूत नाही, भुरळ नाही. धरणारा हात माणसाचा स्वतःचा आहे, म्हणून तो सोडण्याची जबाबदारीही त्याचीच. बुद्धाने दुःखाचे कारण माणसाच्या आत शोधले तेव्हा ते दुसऱ्यावर ढकलण्याची वाटच बंद केली. ज्यांनी १९५६ साली धम्म स्वीकारला, त्यांच्या घरातही 'तिने वेड लावले' हेच व्याकरण चालू असेल, तर धर्मांतर जिभेपर्यंत अजून पोचायचे आहे असे म्हणावे लागेल.

थरार कसा घडवला जातो

प्रेक्षक भितो, ते आपोआप नव्हे. भीती रचली जाते. ही रचना शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे. सर्वांत मोठे साधन म्हणजे माहितीचे वाटप. आल्फ्रेड हिचकॉक या विख्यात दिग्दर्शकाचे सूत्र प्रसिद्ध आहे: टेबलाखाली बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल आणि टेबलाशी बसलेल्यांना नसेल, तर तो सारा वेळ श्वास रोखून बसतो. 'डर'मध्ये फोन करणारा कोण हे किरणला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे आपण राहुलचे गुपित सांभाळणारे होतो. त्याच्याबरोबर लपतो आणि तो सापडेल की काय म्हणून आपलीही छाती धडधडते. भीती किरणची असते, पण धडधड बहुतांशी राहुलच्या बाजूची असते.

दुसरे साधन कॅमेऱ्याची जागा. पाठलाग दाखवताना कॅमेरा वारंवार पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागी उभा राहतो. मुलगी दुरून दिसते आणि पाहणारा दिसत नाही. प्रेक्षागृहातल्या अंधारात बसलेल्या माणसाचीही नेमकी हीच स्थिती असते. तिसरे साधन गाणे. आरंभीच राहुलचे गोड गाणे किरणच्या कानावर येते आणि ते सुनीलचे आहे असे तिला वाटते. ज्या कृत्याला घाबरावे त्याला सुरांची शाल पांघरलेली असते. चौथे साधन भूतकाळ. राहुलला आई नाही, बाप करडा आहे, तो एकटा आहे. एवढे कळले की त्याच्या हातातल्या चाकूपेक्षा त्याच्या डोळ्यांतले पाणी मोठे दिसू लागते. मग शेवटी सुनीलने त्याला मारले तरी प्रेक्षक सुनीलचा होत नाही. या चित्रपटाने लोकप्रिय केला तो शाहरुख खान. नायक असलेला सनी देओल मागे पडला, हे सर्वश्रुत आहे.

अशी रचना अटळ असते असे मात्र नाही. हिचकॉकच्याच 'व्हर्टिगो' (१९५८) या चित्रपटात एक माणूस गमावलेल्या स्त्रीच्या वेडात दुसऱ्या स्त्रीला तिच्यासारखे कपडे, तिच्यासारखे केस करायला भाग पाडतो. पण उत्तरार्धात दिग्दर्शक आपल्याला त्या दुसऱ्या स्त्रीच्या मनात आणून बसवतो. मग त्या पुरुषाचे 'प्रेम' बाहेरून कसे दिसते ते कळते आणि अंगावर काटा येतो. 'डर'मध्ये ही संधी होती. किरणला फोनच्या पलीकडचा माणूस हवा की नको हे ती वारंवार सांगते. परंतु अखेरचा हिशेब दोन पुरुष आपापसात मिटवतात, आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न होता तिच्या नकाराला कथेत वजन राहत नाही.

शिरवण्यात 'डर'

आता हा चित्रपट शिरवण्यात आणून पाहू. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा आणि शीव–पनवेल महामार्ग यांच्या सान्निध्यातले हे गाव. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या त्यांतले. जमीन गेली आणि गावठाण उरले. त्या गावठाणात खोल्यांवर खोल्या चढल्या. कारखान्यांत, खाणींवर, बांधकामांवर काम करायला मराठवाडा-विदर्भातून, परप्रांतातून आलेले लोक आसपास राहिले. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली कुटुंबेही या सबंध पट्ट्यात स्थिरावली. जुईनगर स्थानक झाले, कॉलेजे जवळ आली आणि त्या खोल्यांमधली पहिली मुलगी बारावीच्या पुढे गेली.

अशाच एका खोलीत आम्ही सात-आठ जणांनी 'डर' पुन्हा पाहिला. कॉलेजातली मुले-मुली होती, एक शिक्षिका होत्या, आणि एमआयडीसीतल्या कंपनीत पॅकिंगचे काम करणारी एक मुलगी होती. होळीच्या गाण्यात राहुल ढोलकीवाल्याच्या वेशात किरणच्या घरात घुसतो आणि तिला रंग लावून निसटतो. तिथे मुले हसली. मुली हसल्या नाहीत. चित्रपट संपल्यावर पॅकिंगवाल्या मुलीला विचारले, सर्वांत भीतीदायक काय वाटले? ती म्हणाली, "भीती कसली? तिला नको असला तर फोन खाली ठेवता येतो. आम्ही रस्ता कुठं खाली ठेवणार?"

एका वाक्यात तिने सारी समीक्षा केली. किरणची भीती बंद दाराआडची आहे. बंगल्याला कुंपण आहे, दाराला कडी आहे, आणि त्या कडीतून कोणीतरी आत येईल ही भीती आहे. चाळीतल्या मुलीला कडीचे सुख आधी मिळालेलेच नसते. तिचा पाठलाग नळावर होतो, सार्वजनिक संडासाच्या वाटेवर होतो, कंपनी सुटल्यावर रिक्षाच्या रांगेत होतो, स्थानकाच्या भुयारी वाटेत होतो. तो पार्श्वसंगीत लावून होत नाही. रोज होतो म्हणून त्यात थरार नसतो. किरणच्या बाजूला नौदलातला नवरा आहे, मायेचा भाऊ आहे, परदेशी जाण्याचे तिकीट आहे. या मुलीच्या बाजूला काय आहे? पाठलाग करणारा घरमालकाच्या नात्यातला असेल तर तक्रार केल्यावर आधी खोली जाते. तो मुकादमाचा माणूस असेल तर काम जाते. काहीच गेले नाही तरी शेवटी एक गोष्ट जाते: तिचे कॉलेज. "उद्यापासून घरीच बस" हा आपल्या वस्तीतला सर्वांत सोपा बंदोबस्त आहे. गुन्हा मुलाने करायचा आणि कैद मुलीने भोगायची!

शिक्षिकाबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. चित्रपट आला त्या सुमारास त्या शाळेत होत्या. वर्गातल्या एका मुलीचे नाव 'क'ने सुरू होत होते. हजेरी घेताना तिचे नाव आले की मागच्या बाकांवरून तोतरेपणाची नक्कल सुरू व्हायची. गुरुजीही हसायचे. पडद्यावरचे वेड वर्गात अशा तऱ्हेने उतरते. कोणी छातीवर नाव कोरीत नाही, पण एखाद्या मुलीला 'हजर' म्हणणे नकोसे करून सोडता येते.

चित्रपटाने गुन्हे शिकवले असे मात्र मी म्हणत नाही. याच ठाणे जिल्ह्यात, उल्हासनगरात, १९९० च्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका विद्यार्थिनीला जिवंत जाळण्यात आले. कारण दिले गेले ते एकतर्फी प्रेमाचे. 'डर' त्यानंतर तीन वर्षांनी आला. म्हणजे वेड समाजात आधीच होते. चित्रपटाने त्याला चेहरा दिला, गाणे दिले आणि आई नसलेले बालपण दिले. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. एक परीक्षेला बसलेली, दुसरी कॉलेजात शिकवायला निघालेली. दोघी शिक्षणाच्या वाटेवरच गाठल्या गेल्या, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ लागलेली स्त्री हेच त्या वेडाचे खरे लक्ष्य असते.

मन कोणाला असते?

इथे जातीचा प्रश्न येतो. राहुलला चित्रपटाने एक मन दिले. त्या मनाला इतिहास दिला, जखम दिली. तो खून करतो, तरी आपण विचारतो, 'असे का झाले असेल?' हा प्रश्न विचारला जाणे हा एक विशेषाधिकार आहे. तो कोणाच्या वाट्याला येतो?

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला मारहाण करून ठार करण्यात आले. त्याचे गावातल्या सवर्ण मुलीशी बोलणे आहे, असा संशय होता. त्याने कोणाचा पाठलाग केला नव्हता, कोणाच्या दारात चाकू घेऊन उभा राहिला नव्हता. २०१७ साली सत्र न्यायालयात सर्व आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. त्या मुलाच्या मनात काय होते हे कोणी विचारले? राहुलला छळ करूनही मन आहे. या मुलाला नुसते बोलल्याच्या संशयावरून देहसुद्धा ठेवू दिला नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' प्रदर्शित झाला होता. त्यातला जब्याही पछाडलेला आहे. काळ्या चिमणीची राख शालूवर टाकली की ती वश होईल या समजुतीने तो रानोमाळ फिरतो. पण सबंध चित्रपटात तो तिच्याशी बोलूसुद्धा शकत नाही, आणि तिच्याच समोर त्याला डुक्कर धरावे लागते. राहुलचे वेड जगाला ओलीस धरते. जब्याच्या वेडाला शाळेच्या भिंतीपर्यंत जाण्याचीही मुभा नाही. एकाच भावनेची ही दोन रूपे आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर मानसशास्त्राने मोजता येणार नाही. ते जातीनेच मोजावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीची यंत्रणा उलगडून दाखवली. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहावर, आणि तो विवाह टिकवण्यासाठी स्त्रीवर पहारा ठेवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या पहाऱ्याची साधने होती. याचा अर्थ असा की स्त्रीने कोणाकडे पाहावे, कोणाला हो म्हणावे यावर नजर ठेवण्याचे वेड एखाद्या राहुलला जडण्याआधी सबंध समाजाला जडलेले आहे. राहुल एकटा करतो म्हणून तो रोगी ठरतो. गाव मिळून करतो तेव्हा त्याला अब्रू म्हणतात. थरारपट आपल्याला एक वेडा दाखवून निश्चिंत करतो आणि शहाण्यांची पलटण पडद्याबाहेर ठेवतो. यात मनोरुग्णांवरही अन्याय होतो. मनाचा आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करीत नाहीत, आणि मुलींचा पाठलाग करणारे बहुसंख्य कोणत्याही दवाखान्यात आजारी ठरणार नाहीत.

आपल्या अंगणात

इथवर लिहून थांबलो तर लेख सोपा होईल आणि खोटाही. कारण शिरवण्याच्या त्या खोलीत होळीच्या दृश्याला हसलेली मुले आपलीच होती. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे नाचणारी, रात्रशाळेत शिकणारी, पँथरचा इतिहास अभिमानाने सांगणारी मुले. वस्तीतल्या मुलीचा पाठलाग करणारा नेहमी सवर्णच असतो असे नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातल्या सुनांचे हाल लिहून ठेवले, तेव्हा बाहेरच्या जुलमाबरोबर घरातला जुलूमही त्यांनी झाकला नाही. ती परंपरा आपण पुढे नेली पाहिजे. ज्याला जगात कुठेच मालकी मिळत नाही त्याला निदान एका मुलीवर मालकी हवीशी वाटते, हे समजू शकते. समजले म्हणून ते क्षम्य होत नाही. मालकीच्या विरुद्ध उभी राहिलेली चळवळ मालकीचे आणखी एक बारीक नाणे खिशात ठेवू शकत नाही.

यावर काही कार्यकर्ते विचारतात: मग दलित मुलाने कोणाकडे पाहायचेच नाही काय? खर्ड्याची भीती बाहेर आणि तुमचा उपदेश घरात! प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मंजुळे यांच्याच 'सैराट'मध्ये (२०१६) सापडते. परश्याही आर्चीच्या मागे वेडा आहे. पण आर्ची त्याला उत्तर देते, स्वतः पुढे होते, स्वतः निवडते. पाहणे हा गुन्हा नव्हे, प्रेम सांगणे हाही नव्हे. उत्तर आल्यानंतर आपण काय करतो, तिथे रेघ आहे. तिने 'हो' म्हटले तर जातीच्या भिंती तोडून तिच्याबरोबर चालावे. ते बाबासाहेबांच्या विचाराशी सुसंगतच आहे. तिने 'नाही' म्हटले तर तिथेच थांबावे. तिचे 'नाही' हा आपल्या जातीचा अपमान नव्हे. तो तिचा हक्क आहे, आणि हक्क म्हणजे काय हे आपल्याइतके कोणाला कळावे? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, गुलाम होऊ नये, असे सांगितले. मैत्रीत दोघांची मर्जी लागते.

कायद्याची माहितीही वस्तीत पोचली पाहिजे. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ साली पाठलाग हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोनवर, मोबाईलवर मागे लागणे हेही त्यात मोडते. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने दलित-आदिवासी स्त्रीशी तिच्या संमतीवाचून केलेले लैंगिक वर्तन गुन्हा ठरवले, आणि तिने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही हेही स्पष्ट केले. 'पोरगी गप्प होती' या जुन्या बचावाला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे. पोलीस चौकीत 'प्रेमप्रकरण आहे, मिटवून टाका' असा सल्ला मिळाला, तर हे कलम तोंडपाठ असलेला कार्यकर्ता त्या मुलीच्या शेजारी उभा असला पाहिजे.

परंतु कायदा गुन्हा घडल्यावर येतो. त्याआधीचे काम आपले आहे. अभ्यासमंडळांनी, वसतिगृहांनी, युवक संघटनांनी असे चित्रपट मुला-मुलींना एकत्र बसवून दाखवावेत आणि मध्येच थांबवून विचारावे: आत्ता कॅमेरा कोणाच्या डोळ्यांतून पाहतो आहे? ही मुलगी कॅमेऱ्याच्या जागी असती तर काय दिसले असते? मुली बोलतील तेव्हा मुलांनी गप्प राहावे, एवढा एकच नियम असावा. आणि जिचा पाठलाग होतो तिचे शिक्षण एक दिवसही बंद पडणार नाही, याची हमी बुद्धविहारात सर्वांसमक्ष घ्यावी. तिच्याबरोबर स्थानकापर्यंत कोण चालणार, त्या मुलाच्या घरी कोण बोलायला जाणार, खोली गेली तर दुसरी कोण पाहून देणार, हे त्याच बैठकीत ठरावे.

'डर' या शब्दाचा अर्थ भीती. ती भीती कोणाची, एवढाच प्रश्न चित्रपट पाहताना आपण विचारायला शिकलो तरी पुष्कळ झाले. पडद्यावर ती तीन तासांत संपते. शिरवण्याच्या रस्त्यावर ती संपवायची असेल तर पॅकिंगचे काम आटोपून घरी निघालेल्या त्या मुलीला तो रस्ता मोकळा करून द्यावा लागेल, आणि ते काम कोणा नौदल अधिकाऱ्याचे नाही.